तात्यांची सही

७ जानेवारी

पप्पांचं वर्कशॉप ज्या जागेवर उभं आहे, तिथं ते कोणत्या नात्यानं उभं आहे? जीएसटी नंबरच्या अर्जात हा प्रश्न आहे. उत्तरं तयारच दिलेली आहेत, त्यातलं एक निवडायचं. स्वतःची जागा, भाड्याची, भाडेपट्ट्याची, संमतीची, सामायिक, इतर. मी बी.कॉम. आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि मला याचं उत्तर देता येत नाही.

जागा कोंडाजी तात्यांची. शेडचे पत्रे आणि खांब पप्पांचे. वीज तात्यांच्या मीटरवरून येते. भाडं नाही. मी तिसरीत असताना पप्पांनी तात्यांच्या वावराच्या तोंडाशी, रस्त्याकडेला, वेल्डिंगचं मशीन मांडलं. तेव्हा ठरलं ते एवढंच, की तात्यांच्या घरचं जे काही लोखंडी मोडेल ते पप्पांनी जोडून द्यायचं. आधी नांगर, गोठ्याचं फाटक, मोटरची जाळी. आता आयटीवाल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांचे जिने आणि कठडे. कागद नाही, साक्षीदार नाही.

"ठरताना चहा तरी झाला होता का?" मी आईला विचारलं.

"झाला आसंल," आई म्हणाली. "तवा आपला कप येगळा हुता."

मग शेडवर जाऊन पप्पांना विचारलं, की हे काय धरायचं, भाड्याचं की संमतीचं?

पप्पांनी डोळ्यांवरची काच वर केली, जरा विचार केला आणि म्हणाले, "घरोब्याचं लिही."

तो पर्याय नाही.

९ जानेवारी

हे सगळं कशासाठी चाललंय ते लिहून ठेवते.

मारुंजीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी आहेत, वृषाली मॅडम. त्यांच्याकडे एका बिल्डिंगच्या खिडक्यांच्या जाळ्या पूर्वी पप्पांनीच केल्या होत्या, पण ठेकेदाराच्या हाताखाली. बिलावर नाव ठेकेदाराचं. आता बाकीच्या बिल्डिंगच्या जाळ्या आणि पार्किंगची दोन मोठी फाटकं करायची आहेत. मॅडमनी जुनी जाळी करणारा माणूस कोण, हे वॉचमनकडून शोधून काढलं आणि त्या थेट आमच्या शेडवर आल्या. शेडवर पाटी आहे, 'वेल्डिंग वर्क्स' एवढीच. कुणाचं, ते लिहिलेलं नाही. त्यांनी पप्पांना "तुमचं नाव काय?" असं विचारलं, तेव्हा पप्पा माझ्याकडे बघायला लागले. जणू ते मला विचारून सांगायचं होतं.

मॅडमना काम द्यायचं आहे, पण बिल जीएसटी नंबरचं हवं. नऊ फेब्रुवारीला त्यांची मीटिंग आहे. तोवर नंबर आला तर काम आपलं.

काल जेवताना घरी चर्चा झाली.

"आपल्याला सक्ती हाय का?" पप्पांनी विचारलं.

"नाही. आपली उलाढाल तेवढी मोठी नाही. पण आपण होऊन मागून घेता येतो."

"घेतल्याव काय काय करावं लागतं?"

"रिटर्न भरायचं. काम झालं नाही तरी भरायचं."

"कोन भरनार?"

"मी."

"आनि तू लगीन करून गेल्याव?" आई म्हणाली.

"तिथून भरीन. ऑनलाइन असतं."

"सासू म्हनंल, सून भाकरी टाकून म्हायेरची बिलं भरती."

पप्पा हसले. ते हसले म्हणजे होकार. मी त्यांना सांगितलं, की नंबरातले पहिले दोन आकडे महाराष्ट्राचे, सत्तावीस, आणि त्याच्यापुढं आख्खा तुमचा पॅन नंबर. म्हणजे तो नंबर दुसऱ्या कुणाचा होऊच शकत नाही. शिवाय तो पाटीवर लिहावा लागतो, तसा नियमच आहे. पप्पांनी आमटी परत मागून घेतली.

११ जानेवारी

मारुंजीच्या चौकात शैलेशचं ऑनलाइन सेवेचं दुकान आहे. तो माझ्या कॉलेजला दोन वर्षं पुढं होता. मी फक्त माहिती विचारायला गेले होते.

"पॅन, आधार, फोटो, बँकेचं पासबुक, जागेचं लाइटबिल," त्यानं बोटांवर मोजलं. "जागा दुसऱ्याची असली तर त्याचं संमतीपत्र. फी आपली वाजवी."

"सरकारी फी शून्य आहे. मी वाचलंय."

"वाचतात सगळे, मॅडम. मग इकडंच येतात."

मी तात्यांचं सांगितलं. कागद कधी झालेलाच नाही, म्हटलं. तो म्हणाला, त्यात काय, जुन्या तारखेचा भाडेकरार करून टाकू. सही कोण बघतंय? मी म्हटलं, पप्पांचा पहिला सरकारी नंबर खोट्या सहीवर घ्यायचा नाही. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेच्या गॅदरिंगमधली कविता म्हणून दाखवत होते.

अर्ज मीच भरणार आहे.

१२ जानेवारी

तात्यांकडे गेले. संमतीपत्राचा मसुदा मराठीतच टाइप करून नेला होता. 'माझ्या जागेत श्री. आनंदा यांना व्यवसाय करण्यास माझी हरकत नाही.' चार ओळी.

तात्या अंगणात खाटेवर बसले होते. चंद्राबाई काकूंनी मला खुर्ची दिली. तात्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"तोंडानं सांगतोय न्हवं, कर म्हून? मंग कागुद कशाला?"

"सरकारला लागतो, तात्या."

"सरकारला सांग, कोंडाजी हाय म्हनला."

"आज नको असेल तर उद्या येते."

"यी की. घर तुजंच हाय."

किती गोड बोलतात. निघताना काकूंनी शेवग्याच्या शेंगांची मोठी जुडी हातात दिली. रस्त्याकडेला, आमच्या शेडच्या मागं, दोन माणसं तिवईवर यंत्र ठेवून मोजणी करत होती. एक पांढरी गाडी उभी होती. मी तात्यांना विचारलं तर म्हणाले, रस्ता रुंद करनार हायेत म्हनं. हे चांगलंच झालं. रस्ता मोठा झाला की शेड लांबून दिसेल.

१४ जानेवारी

संक्रांत. काकू स्वतः वस्तीवर आल्या. तिळगूळ आणि नवा इंद्रायणी तांदूळ, पिशवी भरून. एरवी त्या कोणाच्या तरी हाती पाठवतात. आज दारात उभ्या राहिल्या, आईशी इकडचं तिकडचं बोलल्या, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि गेल्या. मला वाटतं, सहीचं काम होत आलं.

आई मात्र त्या तांदळात हात घालून कितीतरी वेळ तशीच बसली होती.

"काय बघतेस?"

"चांगला हाय तांदूळ," ती म्हणाली. "लई चांगला हाय."

१७ जानेवारी

आज मी चूक केली असं वाटतं. नक्की काय चुकलं ते समजत नाही.

तात्या सही का करत नसतील, याचा मी दोन दिवस विचार केला. आमच्या भागात जमीनवाल्या माणसाला एकच भीती असते, की दुसऱ्याचं नाव कागदावर आलं की तो कूळ लागतो आणि जमीन जाते. हिंजवडी जवळ आल्यापासून तर जमिनीचा तुकडा म्हणजे काळीज. म्हणून मी कूळ कायद्याची कलमं वाचली, पानं छापून घेतली आणि तात्यांसमोर बसून नीट समजावलं. हे संमतीपत्र म्हणजे कुळाचा हक्क नाही, सातबाऱ्यावर याची नोंद होत नाही, वेल्डिंग म्हणजे शेती नाही. मला वाटतं मी चांगलं बोलले. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत याहून वाईट बोलून मी दुसरी आले होते.

तात्या ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

"कूळ?" ते म्हणाले. "आनंदाचा नि कुळाचा काय समंद?"

"तेच सांगते, तात्या. काही संबंध नाही."

"मंग काडलंस कशाला?"

ते उठले आणि गोठ्याकडे गेले. काकूंनी आज काही दिलं नाही, नुसतं "यी ग बाय" म्हणाल्या.

घरी सांगितलं तर आईनं कपाळाला हात लावला. पप्पा म्हणाले, "चांगला मानूस हाय तो. त्याला परीक्षंला नको बशिवूस."

२० जानेवारी

तात्यांनी खोल्यांच्या जिन्याचा कठडा मारुंजीच्या एका पोराकडून जोडून घेतला. तो पोरगा पिकअपमध्ये मशीन टाकून आला होता. आमच्या शेडवरून गेला, पप्पांच्या समोरून.

असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी पप्पांनी सांगितलं, की गोठ्याच्या फाटकाची बिजागरीसुद्धा महिन्याभरापासून तुटलेली आहे. तात्यांनी ती तारेनं बांधून ठेवलीय, पण बोलावलं नाही.

महिन्याभरापासून. म्हणजे माझ्या भाषणाच्या आधीपासून. तरी मला वाटतं, आमच्या अर्जाचं त्यांच्या कानावर आधीच गेलं असणार. दुसरं कारण काय?

मी आईला म्हटलं, माझ्यामुळे घरोबा तुटला.

"तसं न्हाई ते," आई जाळीला रेड ऑक्साइड लावत होती, तिनं ब्रश थांबवला. "मानूस घ्यायचं कवा बंद करतं, ठावं हाय का?"

"कधी?"

"द्यायचं बंद करायची येळ आली की."

आई कधीकधी असं बोलते आणि पुढं स्पष्ट करत नाही. मी विचारलं तर म्हणाली, तो पालथा पाइप फिरव, त्याच्या पोटाला रंग राहिलाय.

२२ जानेवारी

अर्जाचा पहिला भाग झाला. मोबाइलवर आणि ईमेलवर ओटीपी येतो, तो टाकायचा, मग एक तात्पुरता नंबर मिळतो. पप्पांचा ईमेल मीच काढला. मोबाइल मात्र त्यांच्या खिशात आणि ते शेडवर, मी घरी, कारण घरीच नेट नीट येतं.

"पप्पा, मेसेज आला का?"

"ग्राइंडर चालूय, जरा थांब."

"थांबता येत नाही, तो दहा मिनिटांत बाद होतो."

"एवढा कसला नाजूक?"

तिसऱ्या खेपेला जमलं. त्यांनी आकडे असे मोठ्यानं वाचले, की शेजारच्या टायरवाल्यालाही आमचा ओटीपी पाठ झाला असेल.

हा तात्पुरता नंबर पंधरा दिवसच चालतो. तेवढ्यात दुसरा भाग भरून कागद जोडायचे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. जागेचा रकाना सोडून माझ्याकडे सगळं तयार आहे.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. माजी विद्यार्थिनी म्हणून मला दोन शब्द बोलायला लावलं. मी म्हटलं, ज्याच्या कष्टाची कुठेच नोंद नाही, तो आपल्याच गावात पाहुण्यासारखा राहतो. टाळ्या पडल्या. तात्या पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, खाली बघत होते.

मला ते वाक्य त्यांना उद्देशून म्हणायचं नव्हतं. खरं लिहायचं तर थोडं म्हणायचं होतं.

२८ जानेवारी

आज सगळं कळलं. क्रमानं लिहिते.

सकाळी पप्पा म्हणाले, चल, फाटक जोडून येऊ. बोलावलं नव्हतं. त्यांनी हातगाडीवर मशीन ठेवलं, मी वायरचं वेटोळं खांद्यावर घेतलं. संमतीपत्र माझ्या पिशवीत होतंच, ते आता सदा तिथंच असतं.

गोठ्याशी पोचलो तर तात्या आतून बाहेर आले.

"आनंदा, ऱ्हाऊ दे."

"तारंव कवर चालंल, तात्या? म्हस भाईर पडली म्हंजी?"

"पडू दे पडली तर. तू हात लावू नगंस."

पप्पांनी मशीन खाली ठेवलं. "माजं काय चुकलं का? पोरगी काय बोलली आसंल तर ल्हान हाय ती, पुस्तकातलं बोलती."

"पोरीचं काय न्हाई. पोरगी ब्येस हाय."

"मंग?"

तात्यांनी फाटकाची तार उगाच आवळली. तेवढ्यात काकू ओट्यावरून म्हणाल्या, "सांगून टाका की. मी आनि किती दिस तिला शेंगा नि तांदूळ देत बसू?"

तात्या गव्हाणीच्या कट्ट्यावर बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना असं उघड्या डोक्यानं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"वाटन्या ठरल्या," ते म्हणाले. "रस्त्याकडंचा तुकडा धाकट्या लेकाला. त्याला फ्लॅट घ्येयाचाय, म्हून त्यो तुकडा इकायचा ठरलाय. मोजनी झाली. घेनारा म्हनतो, जागा मोकळी पायजे, कुनाचा कागुद नको. तुला कुटल्या तोंडानं सांगू? आनि सांगायच्या आदी फाटक जोडून घिऊ? एवढा हालकट न्हाई मी."

म्हशीनं शेपटी हलवली. मला कूळ कायद्याची ती छापलेली पानं आठवली आणि अंगभर लाज पसरली.

पप्पा म्हणाले, "कवा सोडावी लागंल?"

"उन्हाळ्याच्या आत." मग तात्यांनी माझ्याकडे हात केला. "आन तो कागुद. उतारा आजून माज्याच नावाव हाय. तोंडानं हाय म्हनलो हुतो, आता हातानं म्हनतो. पुढचं धाकटा बगून घिल."

त्यांनी सही केली. एकेक अक्षर दाबून, वरची रेघ शेवटी. काकूंनी आतून लाइटबिल आणून दिलं, जणू ते कधीचंच काढून ठेवलं होतं.

पप्पांनी विचारलं, "आता जोडू का फाटक?"

"जोड," तात्या म्हणाले.

३१ जानेवारी

सही केलेला कागद तीन दिवस माझ्याकडे आहे आणि मी तो जोडलेला नाही.

लाइटबिलाची झेरॉक्स काढायला शैलेशकडे गेले होते. बोलण्याच्या ओघात सगळं सांगून बसले. त्याचे डोळे चमकले.

"मॅडम, तुम्हाला कळतंय का तुमच्या हातात काय आहे? नंबर त्याच पत्त्यावर घ्या. एकदा सरकारी नोंद झाली की बिल्डर तुमच्या दारात येतो. जागा सोडायला तुम्ही म्हणाल ते देतो. आणि ही खोटी सही नाही हां, तुमच्या तत्त्वात बसतं सगळं."

मी त्याला झटकून टाकलं, असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. मी ऐकून घेतलं. घरी येताना रस्ताभर माझ्या डोक्यात तेच होतं. इतक्या वर्षांचे कठडे, नांगर, रात्री-अपरात्रीच्या हाका. वेगळा कप. हे सगळं भाड्यापेक्षा कमी होतं का? मग आपला हक्क का नसावा? शाळेत टाळ्या घेतल्या त्या कशाबद्दल?

पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "तू शिकलीस, तू ठरव."

मला राग आला. "धंदा तुमचा आहे. तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा."

पप्पा बराच वेळ हातावरची ठिणग्यांची खूण चोळत बसले. मग म्हणाले, "म्या जागा मागत फिरत हुतो, तवा तिगांनी न्हाई म्हनलं हुतं. ह्यानं कप येगळा दिला, पन जागा दिली. दोनी खरं हाय. एकच खरं धरून चालत न्हाई."

आईनं आतून विचारलं, "हितं का न्हाई मांडत? घरासमूर?"

२ फेब्रुवारी

घरासमोर जागा लहान आहे. शेडचा निम्माच भाग बसेल. जाळ्या होतील, मोठी फाटकं होणार नाहीत, कारण ती आडवी ठेवायलाच जागा नाही. टेम्पो विहाराच्या कोपऱ्यापर्यंत येतो, पुढं गल्लीतून पाइप खांद्यावर आणायचे. वेगळं मीटर मागावं लागेल, तोवर घरच्याच मीटरवर. मी हे सगळं आज वृषाली मॅडमना फोन करून सांगितलं. नंबर मीटिंगच्या आधी येईल याची खात्री नाही, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, फाटकं आम्हाला दुसऱ्याला द्यावी लागतील. जाळ्यांसाठी थांबते, पण महिनाअखेरच्या पुढं नाही.

फाटकांचं वाईट वाटलं. पप्पांनी त्यांचं चित्र काढून ठेवलं होतं, मधोमध एक उगवता सूर्य. ते घडी करून त्यांनी खिशात ठेवलं आणि म्हणाले, जाळीत बसतोय का बगू.

घर घरकुलातलं आहे, घरपट्टी आईच्या नावानं येते. म्हणजे आता संमतीपत्र आईचं. मी चार ओळी पुन्हा टाइप केल्या आणि आईपुढं ठेवल्या. तिनं वाचल्या. ती चौथीपर्यंत शिकली आहे, पण वाचताना घाई करत नाही.

"सही कर."

"तू कोन मागनार? ज्याला जागा पायजे त्यानं इचारावं."

पप्पा ओट्यावर होते. "आता मला काय इचारायला लावती?"

"कोंडाजीला इचारलं हुतं न्हवं? मला फुकाट?"

पप्पा आत आले. पाणी प्यायले. माझ्याकडे बघितलं, मी पाठ फिरवली. शेवटी म्हणाले, "देती का जागा?"

"इचार करून सांगती."

तिनं डाळीला फोडणी देईपर्यंत विचार केला. मग अटी सांगितल्या. दुपारी बाळंतीण झोपते, म्हणजे शेजारच्या ताईंची सून, तेव्हा ग्राइंडर नाही. कपड्याच्या दोरीखाली रंग नाही. रॉडची थोटकं अंगणात दिसली तर दुसऱ्या दिवशी काम बंद. पप्पा प्रत्येक अटीला "व्हय" म्हणत गेले. नंतर म्हणाले, "तात्या बरा हुता." आईनं ते ऐकलं आणि हसत हसत सही केली.

मी अजूनही तो रकाना भरलेला नाही. माल इकडे आल्यावरच हा पत्ता लिहायचा, आधी नाही. कोणी बघायला आलं तर जिथं लिहिलंय तिथंच वेल्डिंग चालू दिसलं पाहिजे. शैलेशनं ऐकलं तर हसेल.

५ फेब्रुवारी

काल शेड हलवली. आज हात दुखतायत, तरी लिहिते.

तात्यांनी ट्रॅक्टर आणि ट्रॉली दिली. मी मागायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, कागद देऊनही घराकडे का निघालात असं विचारतील. त्यांनी नुसतं "कवा पायजे?" विचारलं. ट्रॅक्टर धाकट्या दादांनी चालवला. ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत, पण पत्रे उतरवताना स्वतः खाली उभे राहिले. पप्पा एकेक नट सोडवत होते आणि तात्या खाली खुर्ची टाकून सूचना देत होते.

"आनंदा, तो डावा आदी काड."

"तात्या, म्याच बसिवलाय हा."

"बसिवताना बी मीच सांगितलं हुतं."

विहाराच्या कोपऱ्यापासून घरापर्यंत वस्तीतल्या पोरांनी आणि बायांनी खांब आणले. तात्या गल्लीतून चालत आमच्या दारापर्यंत आले. जागा बघितली, भिंतीवर थाप मारून पाहिली आणि पप्पांना सांगितलं, की उन्हाळ्यात हितं पश्चिमेचं ऊन येतंय, एक पत्रा आडवा लाव. पप्पांनी लगेच लावला.

जागा खरंच लहान आहे. मशीन, टेबल आणि पप्पा, एवढंच मावतं. आई रंग लावायला ओट्यावर बसते. आज सकाळी पहिली ठिणगी उडाली तेव्हा शेजारच्या ताई बाळाला घेऊन बघायला आल्या होत्या. मला समाधान वाटलं, आणि फाटकांचं थोडं दुःखही. दोन्ही आहे. पप्पांसारखं बोलायला लागले बहुतेक.

आज काय ठरवायचं ते लिहू, म्हणून वही उघडली होती, पण ठरवण्यासारखं आता काही शिल्लक नाही. दुपारी जेवण झाल्यावर तात्यांचं संमतीपत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. तात्या झोपले होते. काकूंच्या हातात कागद दिला.

"ठिवायचा हुतास की," त्या म्हणाल्या. "कागुद काय खायाला मागतोय का?"

"धाकट्या दादांच्या व्यवहारात मधे यायला नको, काकू."

त्यांनी तो उलटा सुलटा करून पाहिला, पदराला हात पुसले आणि देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवला. मी घरी आले, आमच्या घराचा पत्ता घातला, आईचं संमतीपत्र आणि घरपट्टीची पावती जोडली. पप्पा बाहेर सोसायटीच्या पहिल्या जाळीच्या चौकोनाला गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत का ते तपासत होते. त्यांचा मोबाइल आज घरात माझ्याजवळच होता, ओटीपीसाठी त्यांना हाक न मारता मी अर्ज पाठवून दिला.